हैबतीची काडीमोड

हैबती नापास झाला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही, असं धरून चला. मीही ते लिहिलेलं नाही. शेवट आधी कळला की माणसं उगाच शहाणी होतात, आणि मग मधल्या माणसाला, म्हणजे मला, काय काय सोसावं लागलं याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. तेव्हा हैबती अजून नापास व्हायचा आहे. माघातली सकाळ आहे, मी खात्याच्या जीपमधून नुकताच उतरलोय, आणि धुतलेला सदरा घालून अंगणात उभे असलेले सुबराव लेंगरे मला म्हणतायत,

"या, या पावनं. पोरगं कवाच आंघोळ करून बसलंय."

पोरगं म्हणजे खोंड. मी त्याच्या तपासणीला आलो होतो आणि माझं स्वागत मात्र मुलीकडच्या माणसासारखं चाललं होतं. पुढे दिवसभर जे होणार होतं त्याची ही सूचना होती, पण सूचना वाचायची माझी सवय जुनी नाही.

गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पशुवैद्यकीची पदवी ताजी ताजी घेऊन मी माणदेशात, तरसेवाडीच्या दवाखान्यात रुजू झालो होतो. मूळचा मी चिपळूणचा. आमच्याकडचे बैल गाय आणि मोठा कुत्रा यांच्या मधे कुठेतरी बसतात. खिलार जनावर जवळून पाहिलं ते इथे आल्यावरच, आणि पहिल्याच आठवड्यात एका खिलार गाईने मला ते आणखी जवळून दाखवलं.

योजना साधी होती. तालुक्यातून अस्सल खिलार वाणाचा एक तरणा खोंड निवडायचा आणि वळू म्हणून लांबच्या पैदास केंद्रावर पाठवायचा. तिथे त्याचं वीर्य काढून, गोठवून, नळ्यांत भरून राज्यभर रवाना करणार. वीर्य सगळीकडे फिरणार, वळू मात्र केंद्राच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकणार नाही. गेला तो गेला. ट्रक संध्याकाळी यायचा होता, आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "पाध्ये, ट्रक रिकामा यायचा नाही. वळू नसेल तर त्यात तुम्ही या."

हैबतीला पाहिलं आणि वाटलं, सुटलो.

दुधात बोटभर काजळ कालवावं तसा कोसा रंग. शिंगं मागे जाऊन पुन्हा वर वळलेली, टोकाशी एकमेकांशी काहीतरी बोलायला झुकलेली. निमुळतं तोंड, ताठ वशिंड, नारळासारखे घट्ट खूर. तो नुसता उभा होता, पण असा उभा होता की मी नकळत पोट आत घेतलं.

"दात?" मी विचारलं.

"दोन दाती हाय," सुबराव म्हणाले. "पर समजूत चार दातीची हाय."

माझ्याबरोबर दवाखान्याचा परिचर इलाही मुलाणी होता. तो शेजारच्याच गावचा, त्यामुळे कामाला आलाय की पाहुणा म्हणून, हे त्याचं त्यालाही नीट ठरवता येत नव्हतं. त्याने टेप काढली. छातीचा घेर, उंची, लांबी, पायांची ठेवण, सगळं मोजत गेलो. मापं अशी येत होती की टेप खोटी आहे का, म्हणून मी ती एकदा मुलाण्याच्या छातीला लावून पाहिली. टेप खरी होती. मुलाणी अपात्र होता.

मग वृषणांचा घेर मोजायची वेळ आली. पैदाशीच्या जनावरात हे माप सगळ्यात महत्त्वाचं. सुबरावांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

"सायेब, तेवढं मोजताना जरा माणसं बाजूला करा. लाजतंय त्ये."

"सुबराव, बैल लाजत नाहीत."

हैबती खाली बसला.

"लाजला," मुलाणी म्हणाला.

त्याला उठवायला शेंगदाण्याची पेंड लागली, गूळ लागला, आणि शेवटी सुबरावांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं तेव्हा तो उठला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. माप उत्तम आलं. सुबरावांनी अंगणाच्या कोपऱ्यातूनच, तोंड न वळवता विचारलं, "पास का?"

"यात पास."

"मग आता पोस्टिंग कुठं?"

मी केंद्राचं ठिकाण सांगितलं. लांबचं होतं. सुबरावांनी मान डोलावली.

"आन् सुट्ट्या कशा असत्यात?"

"कसल्या सुट्ट्या?"

"न्हाई, सरकारी म्हटल्यावर सुट्ट्या असतीलच की. दिवाळीला न्हाई सोडलं तरी चालंल. पर बेंदराला तरी? बैलांचा सण हाय, बैलालाच रजा न्हाई असं कसं?"

मला वाटलं गंमत करतायत. तोंडाकडे पाहिलं तर माणूस हिशेबाने विचारत होता. महिनाभर त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं होतं की आपलं पोरगं सरकारात लागतंय. इचलकरंजीच्या थोरल्या मुलाला कळवलं होतं. पारावर पेढे वाटले होते. सरकारात लागलेली पोरं सणासुदीला पिशवी घेऊन घरी येतात, एवढंच त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं.

"सुबराव," मी म्हणालो, "अर्ज करताना तुम्हाला सांगितलं होतं ना? तिकडे गेलेला वळू परत येत नाही."

"परत म्हंजे... कायमचा न्हाई येत, का अजाबातच न्हाई येत?"

"अजिबातच."

ते हैबतीकडे बघत राहिले. मग एकदम मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग काय झालं! नोकरी म्हंजे नोकरी! घ्या पुढची तपासणी!"

पुढची तपासणी चालीची. मी म्हटलं, याला पश्चिमेच्या विहिरीपर्यंत चालवत न्या आणि आणा. सुबरावांनी कासरा सैल सोडला. हैबती अत्यंत देखणी चाल चालत पूर्वेला निघाला. वळवून आणला. पुन्हा पूर्वेला. तिसऱ्यांदा तर तो मुलाण्यालाही बरोबर घेऊन गेला.

"याला दिशेचा काही त्रास आहे का?" मी विचारलं.

"त्रास कसला? तिकडं सासुरवाडी हाय त्याची."

मी हसलो. माझ्याशिवाय कुणी हसलं नाही.

"मागल्या बेंदराला लगीन झालं न्हवं का," मुलाणी मला समजावणीच्या सुरात म्हणाला. "ताईबाई गळव्यांची गोदा. गाय लई गुणाची. शाळंतल्या मास्तरांनी मंगलाष्टका म्हटल्या. अंतरपाटाला युरियाचं पोतं धरलं हुतं. म्या जेवलोय की त्या लग्नात. बुंदी तेवढी कमी पडली."

बेंदराच्या सणाला गावं बैलांची लग्नं लावतात, हे मला ऐकून माहीत होतं. मिरवणूक निघते, शिंगं रंगवतात, चार अक्षता टाकतात, हसतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी बैल नांगराला आणि माणसं कामाला. तरसेवाडीत मात्र कुणी हे लग्न मोडून घरी गेलंच नव्हतं.

"बरं," मी म्हणालो. "शेवटची तपासणी. माजावर आलेली गाय दाखवायची, खोंडाला इच्छा आहे की नाही ते बघायचं. मुलाणी, गाय कुठाय?"

मुलाण्याने माळ्याच्या वस्तीवरची एक गाय आणून ठेवलीच होती. त्याने ती अंगणात आणली. आणि तिच्या मागोमाग, हातात शेण लागलेला खराटा घेऊन, साठीच्या पुढच्या, उभ्या बांध्याच्या एक बाई आत आल्या. या ताईबाई गळवे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. हैबतीने मान वाकवली.

"ही कोण?" ताईबाईंनी खराट्याने गाईकडे दाखवलं.

"गाय आहे," मी म्हणालो.

"गाय हाय त्ये मलाबी दिसतंय. हितं कशापायी आलीया?"

मी शास्त्रीय भाषेत सांगून पाहिलं. शास्त्रीय भाषेत ते आणखीच वाईट ऐकू आलं.

"व्हय वं इवाई," त्या सुबरावांकडे वळल्या, "माझी पोर घरात पोटुशी, आन् तुमी भर अंगणात ह्याला दुसरी दाखवाय लागलाय?"

"इहीनबाई, आवं सरकारी नेम हाय त्यो..."

"सरकारला बायकापोरं न्हाईत व्हय?"

"थांबा," मी म्हणालो. "गोदा गाभण आहे? हैबतीपासून?"

"मग काय पोष्टानं आलंय व्हय?" ताईबाई म्हणाल्या.

माझ्या दृष्टीने हा विषय इथेच संपायला हवा होता. खोंडाची गाय गाभण आहे, म्हणजे खोंड सिद्ध आहे. पण नियम म्हणे तपासणी अधिकाऱ्यासमक्षच व्हावी. मी विचारलं, आजवर गावातली दुसरी कुठलीच गाय याला दाखवली नाही का? सुबराव ताठ झाले. "दारात आलेल्या गाई परत पाठविल्यात. एकपत्नी हाय त्यो."

पैदाशीचा वळू आणि एकपत्नी. मी झाडाखालच्या दगडावर बसलो. मुलाण्याने मला पाणी दिलं. माळ्याची गाय अपमान झाल्यासारखी एकटीच घरी निघून गेली.

मला राग कशाचा येत होता सांगू? हे लोक थट्टा करत असते तर मीही केली असती. थट्टेत मी कुणाला हार गेलेलो नाही. पण तिथे कुणी थट्टा करतच नव्हतं. मीच एकटा गमतीशीर दिसत होतो.

"बाई," मी शक्य तितक्या मऊपणे म्हणालो, "संध्याकाळी ट्रक येणार. हैबती पास झाला तर जाणार. तुम्ही अडवून काय होणार?"

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "माझी काय ना न्हाई. पर लगीन झालेला गडी बायकूला टाकून असा ट्रकात बसून जाईत न्हाई. तिचं काय त्ये ठरवा, मग न्या."

"ठरवायचं काय त्यात?" सुबरावांचा आवाज चढला. "पोराच्या नशिबात सरकार हाय. कुणी पाय धरून बसलं म्हून काय..."

"पाय कोण धरतंय? गरज न्हाई आमास्नी. रोज सांजंला दावं तोडून कोण कुणाच्या दारात येतंय त्ये गावाला ठावं हाय."

"येतंय त्ये भाकरीसाठी!"

"आन् त्याला न्यायला येत्यात, ती कशासाठी येत्यात?"

सुबराव कासरा हाताला गुंडाळायला लागले. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरायला जागाच नव्हती. डोक्यात ट्रक होता.

तेवढ्यात मुलाण्याने, ज्याला मी आयुष्यात पुन्हा कधी तोंड उघडू देणार नव्हतो, तोंड उघडलं.

"काडीमोड करा की."

"काय?"

"काडी मोडायची, सायेब. दोन्हीकडच्यांनी चारचौघांत काडी मोडली की नवराबायकू मोकळी. मग गोदाचं काही म्हणणं राहत न्हाई, आन् हैबती नोकरीवर."

मी वीस पुस्तकं वाचून पशुवैद्य झालो होतो. एकाही पुस्तकात वळूच्या घटस्फोटावर प्रकरण नव्हतं. पण मघापासून पहिल्यांदाच कुणीतरी उपाय सांगत होतं, आणि वैतागलेला माणूस उपायाकडे बघतो, त्याच्या कपड्यांकडे बघत नाही.

"चालेल," मी म्हणालो. "करा काडीमोड."

दोघेही माझ्याकडे असे वळले, जणू मीच लग्न मोडणारा आहे.

"आमच्या घराण्यात आजवर काडीमोड झाली न्हाई," सुबराव म्हणाले.

"आमच्यात बी न्हाई," ताईबाई म्हणाल्या. "पर ज्याचं पोरगं सोडून जातंय त्यानं इचार करावा."

"म्या करतोय की इचार! चला! मोडा! बघू कोण माघारी सरतंय!"

अशा रीतीने आम्ही पूर्वेला निघालो. पुढे हैबती, कारण वाट त्यालाच पाठ होती. मागे सुबराव कासरा धरून, खरं म्हणजे कासऱ्याला धरून. मग ताईबाई, मी, मुलाणी, आणि वाटेत ज्यांना ज्यांना कळलं ते. वाटेत सगळ्यांना कळलं.

ताईबाईंचं घर म्हणजे एक खोली, पुढे सारवलेली ओसरी आणि अंगणात शेवग्याच्या झाडाला बांधलेली गोदा. पांढरीशुभ्र, पोटाने गोल. हैबती जाऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिची मान चाटायला लागला. घटस्फोटाच्या दृष्टीने हे चांगलं चिन्ह नव्हतं.

आधी अटी ठरल्या. हे सगळ्यात लांबलं.

"वासरू कुणाचं?" सुबराव.

"पोटातलं आईचं."

"खोंड झाला तर वाण आमचं हाय."

"वाण तुमचं, कळा तिच्या. खोंड झाला तरी हितंच ऱ्हाईल, बगाय यायचं तर या."

"बगाय येऊ?" सुबराव जरा नरमले. "कवाबी?"

"कवाबी म्हंजे... येळंला या."

मग आहेर. ताईबाईंनी आतून पेटीतला गुलाबी फेटा आणला, जो लग्नात हैबतीच्या शिंगांना बांधला होता. चारी घड्या जशाच्या तशा. "न्या तुमचा."

"दिलेला आहेर माघारी घेत न्हाईत," सुबराव म्हणाले.

"मग कशाला दिलाता?"

"ऱ्हावा म्हून."

फेटा ओसरीच्या काठावर राहिला. गर्दीत कुणीतरी बुंदीचा विषय काढला. मुलाणी म्हणाला, कमी पडली होती. ताईबाई म्हणाल्या, "कमी न्हाई पडली, तू पंगतीला दोनदा बसलास." हा वाद मी सरकारी अधिकाराने थांबवला. माझ्या अधिकाराचा त्या दिवसातला तेवढाच एक उपयोग झाला.

"काडी!" मी ओरडलो. "काडी आणा कुणीतरी!"

मुलाण्याने गंजीतून कडब्याचं एक ताट ओढून आणलं. चांगलं लांब, जाड. पाला झाडला. एक टोक सुबरावांच्या हातात दिलं, दुसरं ताईबाईंच्या. मधे, दोघांच्या मधल्या जागेत, हैबती आणि गोदा.

मुलाणी म्हणाला, "हां. मोडा आता."

दोघांनी काडी धरली होती. कुणी मोडेना.

"वढा की," सुबराव म्हणाले.

"तुमी वढा. तुमचं पोरगं सोडतंय."

"लेकीकडच्यांनी आधी मोडायची असती."

"कुणी सांगितलं?"

"असती तशी."

"आमच्याकडं न्हाई तशी."

ऊन कलायला लागलं होतं. काडी दोघांच्या हातात आडवी, दोऱ्यासारखी. दोघे काडीकडे बघत होते. एकमेकांकडे बघितलं असतं तर बहुतेक हात हलला असता. माझा फोन वाजला. मोठे साहेब. ट्रक निघालाय, वळू तयार आहे ना? मी म्हणालो, "साहेब, फक्त काडीमोड राहिलीय." मग ते म्हणाले, "पाध्ये, तुमची बरी आहे ना?" आणि फोन ठेवला. कुणाची विचारली ते कळलं नाही. मी तेव्हा अविवाहित होतो.

"मोडा!" मी दोघांवर ओरडलो. "अहो, एक कडब्याची काडी आहे ती! मोडा ना!"

आणि हैबतीने मान लांब करून काडी मधोमध तोंडात धरली. शांतपणे ओढली. दोघांच्या मुठी आपोआप सैल झाल्या. त्याने कडाकडा चावून काडी खाल्ली. राहिलेला शेंडा गोदाने खाल्ला.

"वैरण झाली," मुलाणी म्हणाला.

"दुसरी काडी आणा!"

"दुसरी चालत न्हाई," सुबराव म्हणाले. फार पटकन म्हणाले.

"न्हाईच चालत," ताईबाई म्हणाल्या. त्याहून पटकन.

"कुठे लिहिलंय असं?"

"आमच्यात हाय तसं."

"आमच्यात बी हाय."

सकाळपासून दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे. गर्दीने माना हलवल्या. काडीमोड झालेली नाही, आणि आता होऊ शकत नाही, असं सर्वांनी मान्य केलं. गर्दी पांगली. कुणीतरी जाता जाता मला म्हणालं, "चालायचंच, सायेब." मी ओसरीवर बसून राहिलो. डोकं दुखत होतं.

आणि बसल्यामुळे दिसलं.

ताईबाईंनी कुणालाही न विचारता चूल पेटवली. सुबराव, मघापर्यंत घटस्फोटाला उभे असलेले, ओसरीच्या खांबाला टेकून बसले. त्या खांबाला पाठीएवढ्या उंचीवर सारवणाचा रंग उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं. हैबतीला त्यांनी बांधलं नाही. तो गोदापाशी जाऊन बसला. ताईबाईंनी दोन कपांत चहा आणला. साखर माझ्यादेखत एकाच कपात घातली, सुबरावांच्या नाही. त्यांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं नाही, त्यावरून हे रोजचंच आहे, ते कळलं. त्या उंबऱ्याच्या आत बसल्या. हे बाहेर. मधे अंगण, अंगणात दोन जनावरं.

"थोरल्याचा फोन आलाता?" ताईबाईंनी विचारलं.

"न्हाई. रविवारी करतो म्हनलाता."

"गुडघा?"

"हाय तसाच."

एवढंच. रवंथ करायचा आवाज तेवढा येत होता.

सुबरावांच्या घरी सकाळी मला चहा मुलाण्याने करून दिला होता. चुलीजवळ एकच ताट पालथं होतं. इथेही आत, फडताळावर एकच ताट होतं. आणि कप मात्र दोन. एकट्या म्हाताऱ्याने एकट्या म्हातारीच्या ओसरीवर रोज संध्याकाळी येऊन बसावं, असं गावात चालत नाही. पण आपलं जनावर दावं तोडून सासुरवाडीला गेलं, त्याला न्यायला तर जावंच लागतं. गेल्यावर विहीणबाईंनी चहा विचारला तर नाही म्हणता येत नाही.

मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळाला. पाहुण्याला तसाच देतात.

मी खिशातून पेन काढलं, गुडघ्यावर कागद घेतला, आणि तपासणीच्या निकालापुढे 'अपात्र' असं लिहिलं. खाली कारणासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. मी पुष्कळ विचार केला आणि एकच शब्द लिहिला: कौटुंबिक.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर अंगणात डोकावला. "वळू कोणता?"

"कुठलाच नाही," मी म्हणालो. "नापास झाला."

मला वाटलं, आता तरी कुणीतरी माझ्याकडे बरं बघेल.

सुबराव उभे राहिले. "नापास? कोण? माझा हैबती?"

"सुबराव, ऐका..."

"सगळ्या माणदेशात असलं एक जनावर दाखवा मला! एक दाखवा! सकाळी म्हणत हुता माप पास हाय! माप बदललं व्हय दुपारनं?"

"अहो, राहील ना तो इथे! गावातच राहील!"

"ऱ्हाईल त्यो आमचा प्रश्न हाय! नापास कशापायी?"

आणि उंबऱ्याच्या आतून ताईबाई बाहेर आल्या. मी त्यांच्याकडे आशेने पाहिलं. त्यांनी खराटा उचलला.

"आमचा जावई नापास? कालचं पोर तू, चिपळुनाचं! तुमच्याकडं बैल म्हून काय असतंय त्ये तरी ठावं हाय का? इवाई, ह्याच्याकडनं लिवून घ्या, काय कमी हाय आमच्या हैबतीत!"

"लिवून घेतोच, इहीनबाई! आसंच सोडतो व्हय!"

दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहून मला बोलत होते. इतक्या उत्साहाने कुणी मला आजवर शिव्या घातलेल्या नाहीत. सुबरावांचा आवाज पारापर्यंत जात होता, ताईबाईंचा त्याच्याही पुढे. मधेच एकदा सुबरावांना ठसका लागला, तर ताईबाईंनी न थांबता, बोलता बोलताच, त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तेही न थांबता प्यायले. मुलाणी माझ्या कानात म्हणाला, "सायेब, जीप सुरूच हाय." ट्रक रिकामा गेला. मी मात्र त्यात बसलो नाही. ते दोघे मला ट्रकपर्यंत पोहोचू देतील असं दिसत नव्हतं, जीप जवळ होती.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. 'कौटुंबिक' म्हणजे काय? मी म्हणालो, फोनवर सांगता येणार नाही. ते म्हणाले, मग लेखी खुलासा पाठवा. मी खुलासा पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. येणार नाही, हेही मला माहीत आहे. पण दर बदलीच्या वेळी मी त्याची प्रत नव्या साहेबांना पुन्हा सादर करतो. खुलाशाचा शेवट असा आहे:

"...सबब मा. साहेबांस सविनय विनंती करण्यात येते की, शासकीय सेवेत घेण्यात येणाऱ्या वळूंना पती-पत्नी एकत्रीकरणाचे धोरण लागू करण्यात यावे. पत्नी गाभण असल्यास वळूस गावाबाहेर नेमणूक देण्यात येऊ नये. आणि अपरिहार्य कारणास्तव तशी नेमणूक द्यावीच लागल्यास, दोन्हीकडील पालकांसही त्याच केंद्रावर हलवून, त्यांना रोज सायंकाळी एका ओसरीवर समोरासमोर बसता येईल अशी व्यवस्था, एका बिनसाखरेच्या चहासह, शासकीय खर्चाने करण्यात यावी. मंजुरीस्तव सादर."